रात्री अडीच वाजता चालू खाटा किती? सातारा जिल्ह्यातल्या एका सर्पदंशाचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्यातलं. रुग्ण वाचला, घरी गेला, आता शेतात कामालाही जातो. त्यामुळे सरकारी नोंदीत ते यशस्वी उपचार म्हणून जमा झालं आणि त्याची चौकशी करावी असं कुणाला वाटलं नाही. मी ते मुद्दाम सविस्तर मांडतो आहे. अतिदक्षता विभागांसाठी कोविडनंतर आलेल्या योजनांचं प्रत्यक्षात काय झालं, हे त्या एका रात्रीत जितकं स्वच्छ दिसलं तितकं आढावा बैठकीच्या तक्त्यात कधी दिसत नाही. रुग्ण कल्याण समितीच्या (सरकारी रुग्णालयाच्या कारभारात मदत करणारी समिती) कामामुळे आणि घरच्यांच्या संमतीने मला कागद पाहता आले, त्या रात्री ड्युटीवर असलेल्यांशी बोलता आलं. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

त्या रात्री

जूनचा महिना, पावसाला नुकतीच सुरुवात झालेली. एकोणीस वर्षांचा मुलगा घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. साडेबाराच्या सुमारास पोटात कळ येऊन उठला. आईने ओवा दिला. थोड्या वेळाने उलटी झाली, घसा दाटल्यासारखं वाटू लागलं. चुलत्यांनी संशयाने अंथरूण झटकलं तर वाकळेखालून साप निघाला. काळा, अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार.

मण्यारीचा दंश फसवा असतो. सूज नाही, वेदना जवळजवळ नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. झोपेत चावली तर माणसाला जाग येत नाही. या घरात साप दिसला आणि चुलते वेळ न घालवता शेजाऱ्याची पिकअप काढून निघाले, हे मुलाचं पहिलं नशीब. दोन वाजता ते ग्रामीण रुग्णालयात पोचले.

तिथे एक वैद्यकीय अधिकारी, दोन सिस्टर आणि एक मामा (वॉर्डातला मदतनीस) असा रात्रपाळीचा संच होता. डॉक्टर तरुण, एमबीबीएस. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी लावली आणि तिच्या निकालासाठी न थांबता प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते आणि ती रुग्णालयात पुरेशी होती. लस नाही म्हणून रुग्ण पुढे पाठवण्याचा काळ या भागाने पाहिलेला आहे. तेवढी सुधारणा खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

पण मण्यारीच्या बाबतीत लस पुरत नाही. तिचं विष मज्जातंतूंच्या टोकांवर घाव घालतं आणि स्नायूंपर्यंत संदेश पोचणंच बंद होतं. लस रक्तातलं मोकळं विष निकामी करते, झालेली इजा भरून काढत नाही. ती टोकं शरीर स्वतः दुरुस्त करतं आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास यंत्राने चालू ठेवला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, मागे काही व्यंग राहत नाही. म्हणजे अतिदक्षता विभाग कशासाठी असतो, याचं याहून सरळ उदाहरण नाही. यंत्र आणि माणूस मिळाला की रुग्ण जगतो.

तीनच्या सुमारास आई म्हणाली, "सिस्टर, त्याचं डोळं उघडंना झालंय." पापण्या पूर्ण मिटल्या होत्या. डॉक्टरांनी मुलाला एका श्वासात आकडे म्हणायला सांगितलं. आल्यावर तो अठरापर्यंत गेला होता, मग अकरा, आता सातावर थांबला. उशीवरून मान उचलता येईना. केसपेपरवर ३:१० ही वेळ टाकून डॉक्टरांनी लिहिलं आहे: व्हेंटिलेटर लागणार.

पुढची पस्तीस मिनिटं फोनवर गेली.

सगळ्यात जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा आयसीयू आहे. जिल्ह्याच्या तक्त्यात त्यापुढे 'व्हेंटिलेटर : ८' अशी नोंद आहे. पहिला फोन अर्थात तिथेच गेला. सिस्टर म्हणाल्या, "खाट रिकामी आहे डॉक्टर, पण पेशंट पाठवू नका. रात्री व्हेंटिलेटर लावायला कुणी नाही." फिजिशियन रजेवर होते. भूलतज्ज्ञ एकच, ते दुसऱ्या गावी सिझेरियनमध्ये अडकलेले. दुसऱ्या ठिकाणी सगळ्या खाटा भरलेल्या. तिसऱ्या नंबरवर कुणी फोन उचलला नाही. चौथ्या खासगी रुग्णालयाने आधी अनामत विचारली. पाचव्या फोनवर सरकारी आरोग्य योजनेत असलेल्या एका धर्मादाय रुग्णालयाने "घेऊन या" म्हटलं. अंतर सव्वा तासाचं, त्यात घाट.

१०८ची गाडी आली ती साध्या प्रकारची होती. राज्यात २०१४ साली ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली तेव्हा त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधेच्या होत्या, बाकी ७०४ प्राथमिक. त्या रात्री जवळची प्रगत गाडी महामार्गावरच्या अपघाताला गेलेली. डॉक्टरांनी चार वाजून पाच मिनिटांनी मुलाच्या श्वासनलिकेत नळी घातली. हे काम ते कोविडच्या काळात इंटर्न असताना शिकले होते. मग हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग घेऊन स्वतः गाडीत बसले.

रुग्णालयात मागे डॉक्टर उरला नाही. दोन सिस्टरच्या भरवशावर तीस खाटा आणि प्रसूतिकक्ष सोडून जाणं नियमात बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मुलाला गाडीतल्या एकट्या डॉक्टरांच्या हवाली करणंही त्यांना शक्य नव्हतं. मला ते म्हणाले, "सर, दोन्ही चूक होतं. त्यातलं एक निवडायला मला एक मिनिट मिळालं."

दर पाच सेकंदांना एकदा, असं ऐंशी मिनिटं त्यांनी आणि गाडीतल्या डॉक्टरांनी आलटून पालटून बॅग दाबली. सिलिंडर बी टाइपचा. भरलेला असता तर त्यात सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन, मिनिटाला दहा लिटरने अडीच तास. गेजचा काटा अर्ध्यावर होता. दहाने सोडला असता तर पंचाहत्तर मिनिटांत संपला असता, म्हणून त्यांनी प्रवाह आठवर आणला. घाटातल्या वळणांवर एकाने नळी धरायची, दुसऱ्याने बॅग. मण्यारीच्या दंशात अंग लुळं पडतं, शुद्ध जात नाही, म्हणून ते मुलाशी बोलत राहिले. "ऐकू येतंय ना? अंगठा हलव." सुरुवातीला अंगठा हलत होता, घाट उतरेपर्यंत तोही थांबला. मुलाने नंतर सांगितलं की त्याला अर्ध्याहून अधिक रस्ता आठवतो.

पाच चाळीसला ते पोचले. पाच दिवस व्हेंटिलेटर, अकराव्या दिवशी घरी. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसले, त्यामुळे जमीन गहाण पडली नाही. मुलगा दगावला असता तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळाले असते. मृत्यूनंतरचा हा पैसा कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकायचा, हे शासनाला नेमकं ठरवता आलं आहे. रात्री यंत्राजवळ बसणाऱ्या भूलतज्ज्ञाचा पैसा कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे अजून ठरलेलं नाही. हे कागदावर वाचलं तेव्हा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

दहा खाटांचा हिशेब

पहिला फोन गेला त्या मधल्या रुग्णालयातल्या कुणी कामचुकारपणा केला, असं माझं म्हणणं अजिबात नाही. फोनवर खरं सांगणाऱ्या सिस्टरने त्या मुलाचा जीव वाचवायला मदत केली. "पाठवा" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या तर मुलगा तिथल्या रिकाम्या खाटेवर दगावला असता. प्रश्न असा की दहा खाटांचा विभाग रात्री एकही व्हेंटिलेटर का चालवू शकला नाही.

सुरुवात नर्सेसपासून करू. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला प्रत्येक पाळीत एक नर्स आणि अतिदक्षतेच्या इतर रुग्णांना दोघांमागे एक, हा सर्वमान्य दंडक आहे. दहापैकी पाच खाटा व्हेंटिलेटरच्या धरल्या तर पाळीला आठ नर्सेस लागतात. तीन पाळ्यांच्या चोवीस. साप्ताहिक सुट्टी, रजा, बाळंतपण, प्रशिक्षण यांसाठी आणखी साधारण तीस टक्के धरले की आकडा एकतीसवर जातो. या विभागाला प्रत्यक्षात नऊ होत्या, त्यातल्या काही अकरा महिन्यांच्या करारावर. म्हणजे रात्री दोन, आणि एखादी रजेवर गेली तर एक. दहा खाटांचा आयसीयू चालवायला बांधलेला विभाग व्यवहारात ऑक्सिजन आणि मॉनिटर लावायची खोली झाला होता. दिवसा फिजिशियन असताना अधूनमधून एखादा व्हेंटिलेटर चाले. रात्री नाही.

यंत्रांची गोष्ट वेगळी नाही. आठपैकी चार चालू होते. दोघांचे फ्लो सेन्सर (हवेचा प्रवाह मोजणारा भाग) गेलेले, एकाची बॅटरी धरत नव्हती, एकाच्या नळ्यांचा संच संपलेला. सगळी यंत्रं कोविडमध्ये आलेली, हमी संपलेली, देखभालीचा करार नाही. रक्तातल्या वायूंची तपासणी करणारं यंत्र कार्ट्रिजअभावी झाकून ठेवलेलं. त्या चार चालू यंत्रांवरही सकाळच्या पाळीतल्या एका सिस्टरने स्वतःहून रोज चाचणी घेण्याची सवय ठेवली होती, म्हणून ती चालू होती. तिच्या वहीत तारखेनिशी नोंदी आहेत. ही वही कोणत्याही शासकीय नमुन्यात नाही.

भूलतज्ज्ञांचं अधीक्षकांनी सांगितलं ते असं: बाहेरच्या भूलतज्ज्ञाला सिझेरियनसाठी बोलावलं तर कॉलचे पैसे देता येतात, रात्रभर व्हेंटिलेटरजवळ थांबवून ठेवलं तर ते पैसे हिशेबात बसवायला जागा नाही. मग कोण येणार?

पैसा कुठे आला, कुठे नाही

केंद्राने एप्रिल २०२०मध्ये कोविडसाठी १५,००० कोटींचं पहिलं पॅकेज दिलं, जुलै २०२१मध्ये २३,१२३ कोटींचं दुसरं. दुसऱ्यात देशभर वीस हजार आयसीयू खाटा वाढवायच्या होत्या, त्यातल्या वीस टक्के मुलांसाठी. पीएम केअर्समधून पन्नास हजार व्हेंटिलेटर घ्यायचं ठरलं. त्यातल्या मराठवाड्यात आलेल्या काही यंत्रांच्या दर्जावर मे २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर सुनावणी झाली. ऑक्टोबर २०२१मध्ये सुमारे ६४,१८० कोटींचं प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान सुरू झालं. त्यात ६०२ जिल्ह्यांत पन्नास ते शंभर खाटांचे क्रिटिकल केअर ब्लॉक (अतिदक्षतेच्या स्वतंत्र इमारती) उभारायचे ठरले.

हे सगळं गरजेचं होतं. २०११च्या जनगणनेत तीस लाखांची वस्ती असलेल्या, अकरा तालुक्यांच्या सातारा जिल्ह्याला खाटा जास्त झाल्या असं कोण म्हणेल? पण या पैशाचा स्वभाव एकरकमी आहे. इमारत, पाइपलाइन, यंत्र यांचं एकदा बिल निघतं, उद्घाटन होतं, उपयोगिता प्रमाणपत्र जातं. नर्सचा पगार, सेन्सर, बॅटरी, देखभाल करार हे दर महिन्याला लागतं आणि त्याचं उद्घाटन होत नाही. देखभाल सुटली की काय होतं ते राज्याने पाहिलं आहे. जानेवारी २०२१मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा कोविड आयसीयू पेटला आणि दहाहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर अग्निसुरक्षेची तपासणी झाली. खाटेजवळ माणूस आहे का, याची झाली नाही.

आयसीयूत कुणाला घ्यायचं, यावर आरोग्यसेवा महासंचालनालयाने चोवीस तज्ज्ञांकडून मार्गदर्शक तत्त्वं करून घेतली, ती जानेवारी २०२४च्या सुरुवातीला समोर आली. बातम्यांत एकच मुद्दा गाजला, तो म्हणजे नातेवाइकांनी नकार दिला तर रुग्णाला आयसीयूत घेऊ नये. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. खाट मिळेपर्यंत रुग्णाचं काय काय पाहत राहायचं (रक्तदाब, नाडी, श्वासाचा वेग आणि पद्धत, ऑक्सिजनची पातळी, लघवीचं प्रमाण, शुद्ध) आणि दुसरीकडे हलवण्याआधी श्वासमार्ग आणि रक्ताभिसरण कसं स्थिर करायचं, हे तिथे लिहिलं आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ती तत्त्वं वाचलेली नव्हती. तरी त्यांनी जवळपास तसंच केलं. सगळ्या राज्यभर रात्रपाळीच्या प्रत्येक टेबलावर तो भाग मराठीत एका पानावर चिकटवलेला असायला हवा, आणि त्याला एक रुपयाचंही नवं अंदाजपत्रक लागत नाही.

फोनची पस्तीस मिनिटं मात्र मला सगळ्यात जास्त टोचतात, कारण त्यांचा निकाल फार पूर्वी लागलेला आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवलं. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. त्याच निकालात खाट कुठे रिकामी आहे ते लगेच कळेल अशी मध्यवर्ती संपर्क व्यवस्था उभारायला सांगितलं होतं. त्याला पंचवीस वर्षं केव्हाच उलटून गेली. आमच्या डॉक्टरांकडे ती व्यवस्था म्हणून काय होतं? मोबाइलमधले ओळखीचे नंबर.

काय बदललं

प्रकरण आरोग्य अधिकाऱ्यांसमोर मांडलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया "रुग्ण बरा झाला ना?" अशीच होती. मातामृत्यूंची आपल्याकडे चौकशी होते, मरणाच्या दारातून परतलेल्या मातांच्या प्रकरणांसाठीही केंद्राने २०१४ साली पद्धत घालून दिली. सर्पदंश, विषबाधा, अपघात यांत थोडक्यात वाचलेल्यांसाठी असं काही नाही. मार्च २०२४च्या राष्ट्रीय सर्पदंश कृती आराखड्यात २०३०पर्यंत मृत्यू निम्मे करायचं उद्दिष्ट आहे. देशात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं सर्पदंशाने जातात असा अंदाज आहे. ते निम्म्यावर आणायचे तर रात्री श्वास कोण चालू ठेवतो, हे तपासल्याशिवाय भागणार नाही.

चर्चेत दोन टोकाची मतं निघाली. एक म्हणे, तालुक्यातालुक्यात आयसीयू हवेत. दुसरं म्हणे, सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी एकवटा, बाकी बंद करा. पहिलं माणसांअभावी फसतं, दुसरं घाटात आणि पावसात. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात दरडी कोसळून गावं गाडली गेली, रस्ते बंद झाले. अशा रात्री जिल्ह्याच्या ठिकाणचा उत्तम आयसीयू डोंगरातल्या माणसाच्या काय उपयोगाचा?

माझं मत मी बैठकीत मांडलं, ते इथेही मांडतो. ग्रामीण रुग्णालयाला आयसीयू नको, नळी घालून सहा तास रुग्ण धरून ठेवण्याची ताकद हवी. त्यासाठी एक वाहून नेता येणारा व्हेंटिलेटर, भरलेले सिलिंडर, वर्षातून दोनदा भूल विभागात प्रत्यक्ष सराव आणि रात्री फोन उचलणारा एक तज्ज्ञ लागतो. आणि मधल्या रुग्णालयाने दहाच्या चार खाटा कराव्यात, पण त्या चार चोवीस तास खऱ्या असाव्यात. दोन व्हेंटिलेटरच्या, दोन साध्या: पाळीला तीन नर्सेस, एकूण नऊ, रजा धरून बारा. नऊ होत्याच. तीनच वाढवायच्या होत्या.

खाटा कमी करायच्या म्हटल्यावर बैठकीत शांतता पसरली. आकडा खाली आणणारा अधिकारी वरच्या बैठकीत जाब द्यायला उभा राहतो, ही भीती खोटी नाही. शेवटी तक्त्यातला 'मंजूर खाटा' हा रकाना तसाच ठेवून शेजारी दुसरा रकाना घालायचं ठरलं: रात्री आठ वाजता प्रत्यक्ष चालू व्हेंटिलेटर खाटा, आणि त्या रात्री जबाबदार असलेल्या डॉक्टरांचा नंबर. ही माहिती रोज संध्याकाळी सगळ्या ग्रामीण रुग्णालयांच्या गटावर जाते.

सुरुवातीला काही ठिकाणांहून दुसरा रकानाही पहिल्यासारखाच भरून येऊ लागला. दहा मंजूर, दहा चालू. मग वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं की आकडा कमी आला म्हणून कुणाला नोटीस जाणार नाही, पण 'चालू' लिहून रुग्ण नाकारला तर जाईल. त्यानंतर आकडे उतरले. काही रात्री एखाद्या मोठ्या रुग्णालयापुढे शून्य येतो. मला तो शून्य मोलाचा वाटतो, कारण तो पाहून डॉक्टर पहिला फोन दुसरीकडे लावतात.

तीनपैकी दोन नर्सेस मिळाल्या, बदलीवर. मधल्या रुग्णालयात आता बहुतेक रात्री दोन व्हेंटिलेटर चालतात. यंत्रांचा देखभाल करार जिल्हा पातळीवर एकत्र केला, त्यातून आणखी दोन यंत्रं सुरू झाली. सिस्टरच्या वहीचा नमुना इतर विभागांना दिला आहे. भूलतज्ज्ञाचं दुसरं पद रिकामं आहे आणि रात्री थांबण्याच्या मोबदल्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी गेलेला आहे.

ग्रामीण रुग्णालयात रात्री अजूनही एकच डॉक्टर असतो. व्हेंटिलेटर लागणारा रुग्ण घेऊन तो गाडीत बसला की मागे कोण, याचं उत्तर कोणत्याच पत्रकात नाही. शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी अशा वेळी अर्ध्या तासात येऊन पाळी घ्यावी आणि त्याचा रात्रीचा भत्ता रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून द्यावा, असा ठराव आम्ही समितीत मांडला आहे. पुढच्या बैठकीत त्यावर मतदान आहे.